कियारीची शस्त्रक्रिया: ‘कोणती?’ हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मानेच्या एमआरआयमध्ये कियारी मालफॉर्मेशन निघाले आहे, काय करावे?’ हा प्रश्न आरोग्य पुरवण्यांतून हल्ली वरचेवर दिसतो. कियारी म्हणजे लहान मेंदूचा तळाचा भाग कवटीतून मानेत उतरणे. उत्तर बहुधा एका ओळीचे असते: न्यूरोसर्जनला दाखवा आणि शस्त्रक्रिया करून घ्या. या सल्ल्याने दुहेरी नुकसान होते. ज्यांना शस्त्रक्रियेची गरजच नाही ते रिपोर्टमधला आकडा बघून धास्तावतात. ज्यांना गरज आहे ते आपल्यावर नेमके काय होणार हे न विचारता सही करून मोकळे होतात. कियारीसाठी एकच ठरलेले ऑपरेशन नाही. हाड काढायचे, मेंदूचा पडदा रुंद करायचा, साचलेल्या पाण्याला नळीने वाट द्यायची की मणके स्क्रूने जोडायचे, हे वेगवेगळे निर्णय आहेत. प्रत्येकाचे धोके वेगळे, फायदे वेगळे. याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

लहान मेंदूच्या तळाशी मधोमध दोन गोळे असतात, त्यांना टॉन्सिल म्हणतात. घशातल्या टॉन्सिलशी त्यांचा काही संबंध नाही. कवटीच्या तळाला एक मोठे भोक असते, प्रौढांमध्ये पुढून मागे साधारण साडेतीन सेंटिमीटर. त्यातून मेंदूचा देठ खाली उतरतो आणि पुढे मज्जारज्जू होतो. कवटीचा मागचा कप्पा जन्मतःच लहान असला, की लहान मेंदूला जागा पुरत नाही आणि टॉन्सिल त्या भोकातून मानेत उतरतात. प्रागमधले पॅथॉलॉजिस्ट हान्स कियारी यांनी 1891 मध्ये शवविच्छेदनांवरून याचे प्रकार मांडले. मोठ्यांमध्ये आणि शाळकरी मुलांमध्ये आढळतो तो मुख्यतः पहिला प्रकार. दुसरा प्रकार पाठीचा कणा उघडा राहिलेल्या बाळांमध्ये असतो. त्याबद्दल शेवटाकडे लिहिले आहे.

एमआरआयवर त्या भोकाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत रेघ ओढतात आणि टॉन्सिल तिच्या किती खाली आहेत ते मोजतात. 5 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर रिपोर्टमध्ये ‘कियारी एक’ असे छापून येते. घोळ इथूनच सुरू होतो. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या मेंदूच्या एमआरआयमध्ये सुमारे शंभरात एकाचे टॉन्सिल इतके खाली दिसतात आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही त्रास नसतो. उलट 4 मिलिमीटरवरही मज्जारज्जूत मोठी पोकळी झालेले रुग्ण असतात. लहान मुलांत टॉन्सिल एरवीही थोडे खाली असतात आणि वयाबरोबर वर सरकू शकतात. तेव्हा मिलिमीटरच्या आकड्यावर कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसरे मत घ्या. त्रास नाही, मज्जारज्जूत पोकळी नाही, तपासणीत नसांची कमजोरी नाही, अशा माणसाला ‘पुढे काही होऊ नये म्हणून’ ऑपरेशन करण्याला आधार नाही. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी करावी, एवढेच.

मग ऑपरेशन कोणाला? त्यासाठी आधी पाण्याचे गणित समजून घ्यावे लागते. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती प्रौढांमध्ये साधारण दीडशे मिलिलिटर पाणी खेळत असते आणि दिवसाला सुमारे अर्धा लिटर नव्याने तयार होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी ते कवटीतून मानेकडे सरकते आणि परत येते. बाटलीच्या तोंडात बूच बसावे तसे टॉन्सिल त्या भोकात बसले, की ही ये-जा अडते. खोकला, शिंक, मोठ्याने हसणे, वजन उचलणे, शौचाला जोर करणे यांत दाब क्षणभर वाढतो; तो वाट न मिळाल्याने डोक्याच्या मागच्या बाजूला भडकतो. म्हणून कियारीची खास डोकेदुखी मानगुटीच्या वर, खोकल्याबरोबर उठणारी आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरणारी असते. दिवसभर कपाळ ठणकते, उजेड सहन होत नाही, उलटी झाल्यावर बरे वाटते, ही बहुधा अर्धशिशी. कियारीचे ऑपरेशन करून ती जात नाही. ऑपरेशननंतर ‘काहीच फरक नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांत या रुग्णांचा भरणा मोठा असतो.

दुसरे कारण जास्त गंभीर. अडलेल्या पाण्याचे हिसके मज्जारज्जूवर बसत राहतात आणि कालांतराने त्याच्या आत पाण्याची लांबट पोकळी तयार होते. तिला सिरिंक्स म्हणतात. ती मज्जारज्जूच्या मधोमध वाढते, आणि नेमक्या तिथूनच वेदना आणि उष्णता यांच्या संवेदना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात असतात. त्यामुळे खांदे, दंड, हात यांना स्पर्श कळतो पण चटका कळत नाही. भाकरी उलटताना बोटाला तवा लागतो, फोड येतो, आणि तो दुखला म्हणून नव्हे तर दिसला म्हणून लक्षात येतो. पुढे पंजाचे स्नायू आटतात, अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो, बटण लावता येत नाही, पायात ताठरपणा येतो.

हे चित्र आपल्याकडे दोन ठिकाणी हमखास चुकते. मानेचा स्पॉन्डिलायसिस म्हणून पट्टा आणि शेक यांत वर्षे जातात, किंवा न दुखणारे चटके आणि आटलेला पंजा पाहून कुष्ठरोगाची औषधे सुरू होतात. साधी तपासणी दोन्हीत फरक दाखवते. कुष्ठरोगात कोपराजवळची किंवा इतर नस जाड लागते, त्वचेवर चट्टा असू शकतो, स्पर्शही जातो, आणि हातोडीने पाहिलेले रिफ्लेक्स सहसा शाबूत असतात. सिरिंक्समध्ये नस जाड नसते, स्पर्श राहतो, हातांचे रिफ्लेक्स जातात आणि पायांचे उलट वाढतात. सिरिंक्सचे नुकसान बहुधा परत फिरत नाही, म्हणून इथे वाट पाहणे महागात पडते.

याखेरीज गिळताना ठसका लागणे, आवाज घोगरा होणे, झोपेत श्वास अडकणे, चालताना तोल जाणे, डोळ्यांची बुबुळे खाली झटके देणे, ही मेंदूच्या देठावरचा दाब सांगणारी लक्षणे. ती असतील तर ऑपरेशन लांबवू नये. मुलांत पाठीचा बाक हे एकमेव लक्षण असू शकते. दहाव्या वर्षाच्या आत सुरू झालेला किंवा छातीच्या भागात डावीकडे वळलेला बाक असेल, तर बाकाच्या ऑपरेशनआधी संपूर्ण मणक्याचा एमआरआय झालाच पाहिजे. खाली सिरिंक्स असताना बाक सरळ करायला गेल्यास मज्जारज्जूला इजा होऊ शकते. आधी कवटीखालची जागा मोकळी केली, तर लहान वयातला छोटा बाक कधीकधी तिथेच थांबतो.

ऑपरेशन ठरवण्याआधी चार गोष्टी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मेंदूबरोबर संपूर्ण मणक्याचा एमआरआय, कारण सिरिंक्स पाठीच्या खालच्या भागातही असतो. मान पुढे आणि मागे वाकवून काढलेले एक्स-रे आणि कवटी-मान सांध्याचा सिटी स्कॅन, कारण हाडांचा दोष एमआरआयवर निसटतो. मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगलेल्या नाहीत ना, याची खात्री. आणि चौथी, सर्वांत जास्त विसरली जाणारी: टॉन्सिल वरून ढकलले गेलेत की खालून ओढले गेलेत? मणक्याच्या पडद्याला कुठेतरी बारीक भोक पडून पाणी गळत असेल, तर मेंदूच खाली बसतो आणि एमआरआयवर हुबेहूब कियारी दिसतो. यात डोकेदुखी उभे राहिल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर थांबते. उपाय गळती बंद करण्याचा असतो. मानेत ऑपरेशन केले तर रुग्ण आणखी बिघडतो. उलट, वजन जास्त असलेल्या काही तरुण स्त्रियांत डोक्यातला दाब मुळातच वाढलेला असतो आणि टॉन्सिल त्याने खाली येतात. तिथे डोळ्यांचा पडदा तपासला की नसेला आलेली सूज दिसते. ही तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे होते, पण ती सांगायची राहून जाते.

आता ऑपरेशनांकडे. सर्वाधिक होते ते मागच्या बाजूने जागा मोकळी करण्याचे, ज्याला डॉक्टर ‘फोरामेन मॅग्नम डिकम्प्रेशन’ म्हणतात. रुग्णाला पोटावर झोपवून डोके तीन पिनांच्या चिमट्यात धरतात आणि मान पुढे वाकवतात. हनुवटी आणि छातीचे हाड यांत दोन बोटे तरी अंतर राखतात, नाहीतर गळ्यातल्या शिरा दबून रक्तस्राव वाढतो. डोक्यामागच्या उंचवट्याच्या जरा खालून मानेच्या दुसऱ्या मण्यापर्यंत मधोमध चीर घेतात. नेमक्या मध्यरेषेत एक पांढरट पट्टा असतो, त्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्या पट्ट्यातून खाली गेले तर रक्त कमी जाते. बाजूला सरकले की स्नायू फाटतात आणि पुढे महिनाभर मान दुखते. दुसऱ्या मण्याला चिकटलेले स्नायू शक्यतो सोडवू नयेत, मान तोलून धरण्याचे बरेचसे काम तेच करतात.

मग कवटीचे हाड साधारण 3 सेंटिमीटर रुंद आणि तेवढेच उंच काढतात आणि पहिल्या मण्याची मागची कमान काढतात. इथे दोन मोजमापे महत्त्वाची. कमानीच्या वरच्या कडेवर मध्यरेषेपासून सुमारे एक सेंटिमीटरपलीकडे मेंदूला रक्त नेणारी व्हर्टिब्रल धमनी असते. हात तिकडे घसरला तर जीवावरचा प्रसंग. आणि हाडाची खिडकी गरजेपेक्षा मोठी केली, तर आधार गेलेला लहान मेंदू हळूहळू त्या खिडकीतून खाली लोंबू लागतो. तेव्हा मूळची डोकेदुखी वेगळ्या रूपात परत येते आणि ती दुरुस्त करणे पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड असते. ‘भरपूर हाड काढले’ हे कौतुकाने सांगण्याची गोष्ट नव्हे. हाड काढल्यावर खाली पडद्याला आवळून बसलेला एक जाड तंतुमय पट्टा बहुधा सापडतो. तो कापावा लागतो.

येथे खरा फाटा फुटतो. काही सर्जन इथेच थांबतात आणि पडदा उघडत नाहीत. काही जण पडदा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात उघडून त्यावर ठिगळ शिवतात आणि आतली जागा वाढवतात. मुलांवरच्या सात अभ्यासांतले 582 रुग्ण एकत्र करून 2008 मध्ये केलेल्या विश्लेषणाने दोन्ही बाजू मोजून दाखवल्या. नुसते हाड काढलेल्यांत 12.6 टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागले, पडदा रुंद केलेल्यांत 2.1 टक्क्यांना. पण पाणी गळणे, साचणे यांसारखी गुंतागुंत पडदा उघडलेल्यांत 18.5 टक्के आणि न उघडलेल्यांत 1.8 टक्के होती. बरे वाटण्याच्या प्रमाणातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे पडदा उघडण्याचा धोका लगेच मोजावा लागतो, न उघडण्याचा नंतर. त्रास कमी, सिरिंक्स नाही आणि वय लहान असेल तर हाडापुरते थांबणे आम्हाला पटते. मोठा सिरिंक्स असलेल्या प्रौढात नाही. तिथे बहुतेक सर्जन पडदा उघडतात आणि ते योग्य आहे. काहीजण टेबलावरच अल्ट्रासाउंडचा प्रोब पडद्यावर ठेवून टॉन्सिल मोकळे हलतात का ते बघतात आणि मग ठरवतात. ही चांगली पद्धत आहे, फक्त ती पाहण्याचा सराव लागतो.

पडदा उघडण्याचे काम वाटते तेवढे सोपे नाही. मध्यरेषेत पडद्याच्या दोन थरांमध्ये रक्ताची पोकळी असते, मुलांत ती कधी मोठी निघते आणि कात्री लागताच भळभळते; क्लिप किंवा टाके हाताशी ठेवूनच चीर द्यावी लागते. आतला कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ थर शाबूत ठेवला तर पाण्यात रक्त उतरत नाही आणि नंतर चिकटण्याचे प्रमाण कमी राहते. पण सिरिंक्स मोठा असेल, टॉन्सिल एकमेकांना चिकटलेले असतील, किंवा मेंदूतले पाणी बाहेर सोडणाऱ्या चौथ्या पोकळीच्या तोंडावर पडदा धरलेला असेल, तर तो थर उघडून पाण्याची वाट डोळ्यांनी पाहावीच लागते. टॉन्सिल फार खाली असतील तर अगदी कमी करंटवर शेकून आकसवतात. त्यांच्या कडेने लहान मेंदूची एक धमनी वळसा घेऊन जाते, तिला धक्का लागता कामा नये.

ठिगळ कशाचे, हा प्रश्न रुग्ण विचारत नाहीत, विचारायला हवा. रुग्णाच्याच डोक्यावरच्या हाडाचे पातळ आवरण वरच्या बाजूने काढून वापरता येते. त्याला वेगळा पैसा लागत नाही आणि शरीर ते आपले म्हणून स्वीकारते. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टाही चालतो, पण तिथे दुसरी जखम होते. बाजारात मिळणारे ठिगळ गायीच्या हृदयाच्या आवरणापासून किंवा कृत्रिम धाग्यांपासून केलेले असते. कोणाला धार्मिक कारणाने आक्षेप असेल तर आधी सांगावे. कृत्रिम ठिगळाने काहींना ऑपरेशननंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, डोकेदुखी आणि मान ताठरणे असा त्रास होतो, जंतू नसतानाही. कमरेतून पाणी काढून तपासल्याशिवाय तो जंतूसंसर्गापेक्षा वेगळा ओळखता येत नाही. जंतू नसतील तर स्टेरॉइडचा थोडक्या दिवसांचा कोर्स पुरतो.

ठिगळ शिवताना टाके जवळजवळ घेऊन शिवण पाणी न पाझरणारी करतात. मग भूलतज्ज्ञाला फुप्फुसांतला दाब काही सेकंद वाढवायला सांगतात. खोकल्यासारखाच परिणाम होतो आणि पाणी कुठून झिरपते ते दिसते. एखाद्या टाक्याच्या भोकातून थेंब आला तरी तिथे आणखी एक टाका आणि वर जैविक गोंद. त्यावरचे स्नायू आणि त्यांचे जाड आवरण थराथराने घट्ट बंद करणे तितकेच गरजेचे आहे. गळती बहुधा वरचे हे थर ढिले राहिल्यामुळे त्वचेपर्यंत पोचते.

ऑपरेशन अडीच-तीन तासांचे, अवघड असेल तर जास्त. पहिली रात्र अतिदक्षता विभागात, कारण झोपेतला श्वास पाहावा लागतो. पहिले दोन दिवस मळमळ आणि मान आखडणे ठरलेले. चार-सहा दिवसांत घरी, दहा-बारा दिवसांनी टाके काढणे. सहा आठवडे पाच किलोहून जास्त काही उचलायचे नाही. भरलेली कळशी आणि गॅस सिलिंडर दोन्ही त्यात आले. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण शौचाला जोर केला की तोच दाब नव्या शिवणीवर येतो; वेदनाशामकांनी पोट कडक होते म्हणून रेचक त्यांच्याबरोबरच सुरू करावे. उशी किंवा बँडेज स्वच्छ पाण्याने ओले झाले, मानेमागे फुगवटा वाढत गेला, ताप आला, झोपाळूपणा वाढला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता ऑपरेशन झाले त्याच रुग्णालयात जावे. गावातल्या दवाखान्यात वरून आणखी एक टाका घालून घेणे हा सर्वांत वाईट पर्याय, कारण गळती आत चालूच राहते आणि जंतू वर चढतात. लहानसा फुगवटा मात्र बरेचदा आपोआप ओसरतो. त्यात सुई घालून पाणी काढू देऊ नये. गळती थांबतच नसेल तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचले आहे का, हे आधी पाहावे.

आणि सुधारणा? खोकल्याची डोकेदुखी सर्वांत लवकर आणि सर्वांत चांगली जाते. सिरिंक्स महिनोन्‌महिने आकसत राहतो, म्हणून पहिला एमआरआय तीन ते सहा महिन्यांनी करतात. तो कमी झाला नाही तरी दुसऱ्या ऑपरेशनची घाई करू नये, सहा ते बारा महिने द्यावेत. रुग्ण बिघडत असेल तर गोष्ट वेगळी. आटलेले स्नायू आणि गेलेली चटक्याची जाणीव बहुधा परत येत नाही. हातातल्या जळजळीच्या वेदनाही काहींत राहतात, कारण पोकळी आकसली तरी आतल्या तंतूंचे नुकसान झालेले असते. हे ऑपरेशनच्या आधी सांगितले जायला हवे.

नळी घालण्याची ऑपरेशने दोन प्रकारची. मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या असतील तर आधी त्यांचा उपाय: पोटात नेलेली शंटची नळी किंवा दुर्बिणीने पोकळीच्या तळाला केलेले छिद्र. पाण्याचा दाब उतरला की टॉन्सिल कित्येकदा आपोआप वर सरकतात आणि मानेतले ऑपरेशन टळते. हा क्रम उलटा केला तर शिवलेल्या ठिगळातून पाणी फुटणार. दुसरी नळी थेट सिरिंक्समध्ये घालतात आणि बाहेरच्या पाण्यात किंवा फुप्फुसाच्या आवरणात सोडतात. ती अगदी शेवटचा पर्याय, कारण मज्जारज्जूला चीर द्यावी लागते, नळी तुंबते, सरकते, आणि मूळ अडथळा तसाच राहतो. एकेकाळी चौथ्या पोकळीच्या तळाचे छिद्र स्नायूच्या तुकड्याने बुजवत असत. ते आता कोणी करत नाही.

आता त्या मुद्द्याकडे, ज्यावर मुंबईचे नाव जगभरच्या चर्चेत आहे. मानेचा पहिला आणि दुसरा मणका यांच्यातला सांधा सैल असेल, किंवा दुसऱ्या मण्याचा दातासारखा सुळका वर कवटीत घुसला असेल, तर टॉन्सिल खाली दिसतात पण खरा दाब पुढून, हाडाचा असतो. पहिल्या मण्याची कमान आणि सुळका यांतले अंतर मान वाकवल्यावर प्रौढात 3 मिलिमीटरपेक्षा आणि मुलात 5 मिलिमीटरपेक्षा जास्त झाले तर सांधा सैल समजतात. आखूड मान, मानेवर खालपर्यंत आलेले केस, पहिला मणका कवटीला चिकटलेला, असे रुग्ण भारतात कमी नाहीत. त्यांच्यात नुसते मागचे हाड काढले तर उरलेला आधारही जातो आणि हातापायांतली ताकद काही आठवड्यांत घसरते. कियारीच्या ऑपरेशनाच्या अपयशाचे आपल्याकडचे हे एक ठळक कारण आहे. अशांना दोन्ही मण्यांत स्क्रू घालून ते जोडावेच लागतात. या दोन मण्यांच्या बाजूच्या भागांत स्क्रू आणि पट्टी बसवण्याची पद्धत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी 1994 मध्ये मांडली, 2001 मध्ये जर्मनीत तिच्यात बदल झाले, आणि आज ती जगभर वापरली जाते. याबद्दल दुमत नाही.

दुमत पुढच्या पायरीवर आहे. 2015 मध्ये डॉ. गोयल यांनी 65 रुग्णांच्या अनुभवावरून मांडले, की कियारीचे मूळच या सांध्याच्या अस्थिरतेत आहे, एक्स-रेवर ती दिसो वा न दिसो. टॉन्सिल उतरणे ही शरीराने केलेली बचावाची सोय आहे, म्हणून हाड न काढता फक्त मणके जोडावेत. जगातले बहुसंख्य न्यूरोसर्जन हे सरसकट मान्य करत नाहीत. हाडे आणि सांधा व्यवस्थित असलेल्या रुग्णांतही मागची जागा मोकळी केल्यावर सिरिंक्स आकसतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. आमचेही मत याच बाजूला झुकते. पण या वादाने एक चांगले केले: सांधा न तपासता कियारीचे ऑपरेशन करणे आता निष्काळजीपणाचे समजले जाते. रुग्णाने एवढे लक्षात ठेवावे, की मान डावी-उजवीकडे वळवण्याची जवळजवळ निम्मी क्षमता याच सांध्यात असते. तो जोडला की ती कायमची जाते. गाडी मागे घेताना वळून पाहण्याऐवजी अंग फिरवावे लागते. सांधा खरोखर सैल असेल तर ही किंमत रास्त आहे. नसेल तर ती का द्यायची, याचे उत्तर सर्जनकडून सिटी स्कॅन समोर ठेवून मागावे.

कमरेत मज्जारज्जूच्या टोकाचा धागा कापून कियारी बरा होतो, असा प्रचार इंटरनेटवर जोरात आहे. मज्जारज्जू खाली बांधला गेल्याची स्वतंत्र लक्षणे आणि पुरावा असेल तर ते ऑपरेशन योग्य. नुसत्या कियारीसाठी त्याला पटण्याजोगा आधार नाही. त्यासाठी परदेशी जाऊन लाखो रुपये खर्च करू नयेत.

पाठीचा कणा उघडा राहिलेल्या बाळांतला दुसरा प्रकार वेगळा. तिथे लहान मेंदूच नव्हे, मेंदूचा देठही खाली आलेला असतो आणि बहुतेकांत डोक्यात पाणी साचते. अशा मुलाला गिळता येईनासे झाले, रडण्याचा आवाज घोगरा झाला किंवा श्वास अडकू लागला, तर आधी शंट चालतो का ते तपासायचे. शंट बंद पडणे हेच बहुधा कारण निघते आणि तो बदलला की लक्षणे उतरतात. शंट नीट असूनही त्रास वाढला तरच मानेचे ऑपरेशन, आणि ते तातडीने. या मुलांत मोठ्या शिरा खूप खाली असतात, म्हणून हाड मानेच्याच भागात काढतात. गर्भातच 26 आठवड्यांच्या आत कणा बंद केल्यास काय होते, यावरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात शंटची गरज 82 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आली, आणि लहान मेंदू मानेत उतरलेला न दिसणाऱ्या बाळांचे प्रमाण 4 वरून 36 टक्क्यांवर गेले. पण वेळेआधी प्रसूती आणि गर्भाशयाच्या टाक्यांचा धोका आईला सोसावा लागतो. त्यापेक्षा दिवस राहण्याच्या आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेणे कितीतरी सोपे. आधीचे बाळ असे झालेल्या आईला दहापट डोस लागतो. गोळी चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर सुरू केली तर उशीर झालेला असतो, कारण कणा गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यातच बंद होतो.

कियारी असलेल्या, ऑपरेशन झालेल्या वा न झालेल्या माणसाने न्हाव्याकडे मान कडकन मोडून घेऊ नये. मानेला ताण देणारे उपचारही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. कमरेत इंजेक्शन देऊन भूल द्यायची असेल, विशेषतः सिझेरियनच्या वेळी, तर भूलतज्ज्ञाला एमआरआय आधी दाखवावा, कारण खालून पाणी निघाले तर टॉन्सिल आणखी खाली ओढले जाऊ शकतात.

खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड, आधार आणि एमआरआयचा रिपोर्ट घेऊन जावे आणि सुचवलेले नेमके ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसते ते लिहून घ्यावे. स्क्रू, पट्ट्या आणि ठिगळ त्यात धरले आहेत की वेगळे, हे तिथेच विचारावे. दुसऱ्या मतासाठी जाताना नुसता रिपोर्टचा कागद नको. एमआरआय आणि सिटी स्कॅनची सीडी सोबत हवी, मोजमाप चित्रावरच पुन्हा करावे लागते.

आपले,
न्यूरोसर्जरी विभागात काम करणारे दोन वाचक, पुणे